आत्याचे घर

फ्रान्सला मी प्रथमच गेलो, तो वाचलेला फ्रान्स मनात घेऊनच. शार्त्रचे कॅथीड्रल पाहून जवळच्या इलिए-कोंब्रे या गावी पोहोचलो. ‘इलिए’ हे गावाचे मूळ नाव. ‘कोंब्रे’ मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतले. 1971 मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गावाने हे कल्पित नाव अधिकृतपणे स्वीकारले. रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध फ्रेंचमध्ये येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती!

प्रूस्तच्या आत्याचे घर आता संग्रहालय आहे. तिचे नाव एलिझाबेथ. घर मात्र ओळखले जाते ते कादंबरीतल्या लेओनीच्या नावाने. संहितेने आपल्या मूळ आधारालाच असे बेदखल करावे, हे वर्गात शिकवताना मोहक वाटते. त्या दारात उभे राहिल्यावर मात्र खटकते.

गावात मादलेन मिळतात. शिंपल्याच्या आकाराचा हा लोण्याचा छोटा केक चहात बुडवताच काठाशी मऊ पडतो. चव उत्तम; पण माझ्या स्मृतीतले काहीही जागे झाले नाही. होणार तरी कसे? ते बालपण परके होते. प्रूस्तच्या आरंभीच्या खर्ड्यांत मात्र मादलेन नाही. तिथे आधी भाजलेला पाव आहे, पुढे बिस्कॉत, म्हणजे जवळजवळ आपला टोस्टच. मादलेनमुळे त्या प्रसंगाला डौल आला, हे मान्य. तरीही मला तो खर्डा अधिक जवळचा वाटतो. चहात बुडवलेला टोस्ट तोंडापर्यंत पोहोचण्याआधीच कपात गळून पडतो, आणि मग तो चमच्याने काढून खावा लागतो, हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक होते.