काशींत पांच रात्री

प्रवासास निघणारा मनुष्य काय काय बरोबर घेत नाहीं! औषधाची बाटली, तांब्या, चष्म्याची दुसरी जोडी, फराळाचा डबा, आणि अलीकडे मोबाईलला वीज पाजण्याची दोरीसुद्धां. परंतु जिच्यावांचून पहिल्या रात्रीं त्याचे खरे हाल होतात, ती वस्तु कोणत्याही ट्रंकेंत मावत नाहीं. ती म्हणजे आपली निजण्याची जागा. घरीं दिवा मालवावा, कुशीवर वळावें, कीं सकाळ. आपण कांहीं विशेष केलें असें वाटतही नाहीं. परगांवीं मात्र झोंप ही एक साधना होऊन बसते. उशी उंच लागते, भिंत भलत्याच हाताला येते, आणि मध्यरात्रीं पाणी प्यावयास उठलेला गृहस्थ दार समजून कपाटाशीं झगडूं लागतो. गेल्या कार्तिकांत या साधनेच्या पांच रात्री माझ्या वांट्यास आल्या. त्यांची ही हकीकत.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असूं. ते जाऊन वर्ष झालें होतें. एकदां दोघांनीं मिळून काशीस जावयाचें, असें त्यांचें व आईचें कित्येक वर्षें ठरत होतें. पण कधीं मुलींचीं बाळंतपणें, कधीं घराचें बांधकाम, कधीं नानांचा गुडघा, अशीं कारणें निघत गेलीं, आणि शेवटीं नानाच निघून गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर एके दिवशीं आई म्हणाली, "आतां तूंच मला घेऊन चल." तिचें वय ७८. नाना गेल्यापासून तिची झोंप जवळजवळ नाहींशी झाली होती. रात्रीं दोन वाजतां स्वयंपाकघरांत दिवा लागे. विचारलें तर "पाणी प्यायला उठलें होतें" हें एकच उत्तर. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळीनेंही फारसा गुण नव्हता. जिला स्वतःच्या घरीं झोंप येत नाहीं, तिला दीड हजार किलोमीटर दूर नेऊन अनोळखी अंथरुणावर निजवावयाचें, या कल्पनेनें सौ.ला व मला दोघांनाही धास्ती वाटत होती. पण आईचा शब्द मोडवेना. भाऊबीज झाली आणि आम्ही मायलेंक निघालों.

उतरण्याची सोय पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगास, दुर्गाघाटाजवळच्या एका महाराष्ट्रीय घरीं झाली होती. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत मराठी वैदिकांचीं व शास्त्र्यांचीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. बोळ इतका अरुंद, कीं समोरून गाय आली तर माणसानें भिंतीला पाठ लावून तिला मान द्यावा. घराचें दार ठेंगणें; आंत दगडी चौक, त्याभोंवतीं मजल्यावर मजले, आणि माकडांच्या भयानें गच्चीवर लोखंडी जाळी. मालकीणबाईंच्या मराठींत मधूनच एखादें हिंदी क्रियापद डोकावे. पण वरणाला फोडणी पडली तिचा वास थेट आपल्या पुण्याचा. आईला तेवढ्यानें धीर आला.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पूर्वेस एक खिडकी आणि खिडकीखालीं गंगा. निजावयास दोन तख्तें मांडलीं होतीं. तख्त म्हणजे पलंग नव्हे आणि खाटही नव्हे. चार पायांवर बसविलेलीं सपाट लांकडी फळी, एवढेंच. दिवसां त्यावर बसून पोथी वाचावी, भाजी निवडावी, पाहुण्याला चहा द्यावा. रात्रीं त्यावरच गादी पसरावी. आईनें बरोबर आणलेली गोधडी सोडली. तिच्या जुन्या लुगड्यांची व नानांच्या धोतरांची ती शिवलेली. उशीला घरचा अभ्रा चढविला. आणि मग एक पेंच उभा राहिला.

शयनाच्या दिशेविषयीं आपल्याकडे एक जुना नियम आहे. स्वगृहीं डोकें पूर्वेस करावें, सासुरवाडीस दक्षिणेस, प्रवासांत पश्चिमेस. उत्तरेस मात्र केव्हांही करूं नये. नाना हा नियम इतक्या काटेकोरपणें पाळीत, कीं लॉजमध्यें उतरले तरी नोकराला बोलावून पलंग फिरवून घेत. त्या हिशेबानें आईनें पश्चिमेस डोकें करावयास हवें होतें. पण काशी वसली आहे गंगेच्या पश्चिम तीरावर. येथें नदी उत्तरवाहिनी आहे व सूर्य पैलतीरावर उगवतो. पश्चिमेस डोकें केलें, कीं पाय सरळ गंगेकडे! आई थबकली. क्षणभर विचार करून तिनें उशी उचलली व खिडकीकडे ठेवली. मीं म्हटलें, "आई, ही तर घरची दिशा झाली." ती म्हणाली, "मग काशी का परगांव आहे?" शास्त्रार्थ तेथेंच संपला.

दिशेचा निकाल लागला. झोंपेचा मात्र लागेना. आईचें राहो, मलाच डोळा लागेना. नावांच्या यंत्रांचा आवाज उशिरांपर्यंत येत होता. तो थांबला तशीं कुत्रीं सुरू झालीं. बोळांतून एखादी मोटारसायकल गेली, कीं ती आपल्या उशाशींच उभी राहिली असें वाटे. जरा गुंगी येई, तोंच कोठें तरी घंटा वाजे आणि मी दचकून जागा होई.

हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. निद्रेचा शास्त्रीय अभ्यास करणारांना हा अनुभव फार पूर्वींच आला. प्रयोगशाळेंत आणून निजविलेला मनुष्य पहिल्या रात्रीं नीट झोंपतच नाहीं, असें त्यांना आढळलें. १९६६ सालीं ॲग्न्यू, वेब व विल्यम्स या अमेरिकन संशोधकांनीं यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि 'पहिल्या रात्रीचा परिणाम' हें नांव या प्रकारास रूढ झालें. पुढें २०१६ सालीं अमेरिकेंतीलच ब्राउन विद्यापीठांत मासाको तामाकी, युका सासाकी व त्यांचे सहकारी यांनीं आणखी खोल जाऊन पाहिलें. नव्या जागीं पहिल्या रात्रीं गाढ झोंपेंतसुद्धां मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोंपत नाहीं, असें त्यांस दिसलें. उजव्या कानाचा संबंध मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागाशीं असतो. त्या कानांत अनोळखी आवाज केला, तर निजलेला मनुष्य अधिक लवकर जागा होई. कांहीं दिवसांनीं त्याच जागीं पुन्हां निजविलें, तेव्हां हा भेद उरला नव्हता. डॉल्फिनसारखे जलचर व कित्येक पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोंपतात, हें प्राणिशास्त्रज्ञांस ठाऊक आहेच. परक्या घरीं आपणही थोडेबहुत तेंच करतों म्हणावयाचें. आपण निजतों, पण आंत एक पहारेकरी कान टवकारून बसलेला असतो. जागेची ओळख पटली, कीं तो आपण होऊन काठी खालीं ठेवतो.

हें ज्ञान मला होतें, पण त्यानें झोंप आली नाहीं. तीनच्या सुमारास पलीकडच्या तख्तावरून हलकेंच आवाज आला, "अरे, जागा आहेस ना?"

"हो. तुलाही झोंप नाहीं?"

"मला कुठें असते!" आई म्हणाली, आणि थोडा वेळ गप्प राहिली. मग अंधारांतच बोलूं लागली. "लग्न होऊन पुण्याला आलें, तेव्हां असेच दिवस गेले बघ. मुरुडला आमच्या घरामागें समुद्र. जन्मल्यापासून रात्रीं कानांत गाज. पुण्यांत रात्र झाली, कीं सगळें मुकें. त्या मुकेपणाची मला भीति वाटे. हे तेव्हां नोकरीला नगरला; शनिवारीं यायचे. मी माजघरांत बायकांच्या ओळींत शेवटची. कोणाला सांगणार, कीं मला समुद्राचा आवाज हवा म्हणून? आठ-दहा दिवसांनीं सासूबाईंच्या लक्षांत आलें. बोलल्या कांहीं नाहींत. आपलें अंथरूण ओढलें आणि माझ्या अंथरुणाला लावलें. त्या घोरायच्या. त्या घोरण्याचीच मला गाज झाली. तेव्हां कुठें झोंपलें."

मला हंसूं आलें. तीही हंसली. मग म्हणाली, "ह्यांचें घोरणें त्यांच्यावरच गेलेलें. तुम्ही मुलें नांवें ठेवायचांत. आतां वर्ष झालें, घर पुन्हां मुकें झालें आहे."

मी कांहींच बोललों नाहीं. वर्षभर आम्ही समजत होतों, कीं तिला दुःखानें झोंप येत नाहीं. दुःख होतेंच. परंतु खाट तीच, खोली तीच, गोधडी तीच असूनही तिचें अंथरूण त्या दिवसापासून परकें झालें होतें, हें घरांतल्या एकाच्याही ध्यानांत आलें नव्हतें. आम्ही डॉक्टर आणला, गोळी आणली, दारें लावून घेतलीं, दूरदर्शनचा आवाज बारीक केला. म्हणजे होती नव्हती ती गाजही बंद करून टाकली!

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं घाटावर गेलों. पायऱ्या उंच, आई मालकीणबाईंचा हात धरून उतरली. उंच बांबूंच्या शेंड्यांवर वेताच्या लहान टोपल्या टांगलेल्या दिसल्या. दोरी सैल करून टोपली खालीं घ्यावयाची, आंत पणती ठेवावयाची, आणि पुन्हां वर चढवावयाची. हे कार्तिकांतले आकाशदीप. पितरांना वाट दिसावी म्हणून ते लावतात. आपला आकाशकंदील त्यांच्याच कुळांतला. तिकडचा कार्तिक आपल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, म्हणून हे दिवे पंधरवड्याहून अधिक काळ लागत आले होते. आईनें एका टोपलींत आपल्या हातानें पणती ठेविली. दोरी ओढण्याचें काम माझ्याकडे आलें. टोपली हेलकावे खात वर गेली. आई मान वर करून पाहात होती. डोळ्यांना पदर लावला नाहीं, कीं तोंडानें कांहीं म्हणाली नाहीं.

त्या रात्रीं ती थोडी झोंपली. तिसऱ्या रात्रीं मी मधेंच जागा झालों, तों पलीकडून संथ श्वास ऐकूं येत होता. पहांटेच्या अंधारांत कार्तिकस्नानाला निघालेल्या बायका गाणीं म्हणत बोळांतून उतरूं लागल्या, तेव्हां ती जागी झाली. "अग, झोंपलीस कीं!" मीं म्हटलें. उठून केंस बांधतां बांधतां ती म्हणाली, "इथली रात्र मुकी नाहीं रे." जे आवाज मला पहिल्या रात्रीं शत्रूसारखे वाटले, त्यांनींच तिला निजविलें होतें.

त्यानंतरचे दिवस दर्शनांत गेले. विश्वनाथाचें मंदिर अहल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधविलें. त्याभोंवतालचा नवा विस्तीर्ण परिसर २०२१ च्या डिसेंबरांत खुला झाला. आईला गर्दींतून नेतांना माझी तारांबळ उडाली. पण मला अधिक आठवतात त्या दुपारी, जेव्हां आम्ही त्या तख्तावर बसून बोलत असूं. पैठणच्या नाथांनीं आपलें भागवत १५७३ सालीं याच क्षेत्रीं पुरें केलें. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घर सोडून उत्तरेस गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, आणि गंगेची कावड घेऊन परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापला गेला. अशीं माणसें किती परक्या ओसऱ्यांवर निजलीं असतील! आई म्हणाली, "पुरुष दोन रात्री बाहेर निजले कीं पुस्तक होतें. आम्ही एका रात्रींत घर बदलून जन्मभर निजतों, त्याचें कोण लिहितो?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. म्हणून निदान एवढें लिहीत आहें.

वृद्ध माणसांस घेऊन प्रवासास जाणाऱ्या वाचकांसाठीं अनुभवाच्या दोन गोष्टी. घरचा अभ्रा व रोजचें पांघरूण अवश्य न्यावें. नाकाला व हाताला ओळखीचें कांहीं लागलें, कीं अर्धा परकेपणा जातो. आणि ज्या गांवीं मुक्काम करावयाचा, तेथें एका रात्रीचा बेत करूं नये. पहिली रात्र पहारा देण्यांतच जाते. विसांवा मिळतो तो पुढच्या रात्रीं.

सहाव्या दिवशीं निघालों. घरीं पोंचलों त्याच संध्याकाळीं मीं सौ.ला सारें सांगितलें. ती ऐकून घेऊन उठली, आणि बोलली कांहीं नाहीं. रात्रीं पाहतों, तों नानांची खाट होती त्या जागीं आमच्या धाकट्या लेंकीची गादी आलेली. मुलीला सांगितलेलें कारण एवढेंच, कीं तिच्या खोलींत ओल आली आहे. आईनें एकदां गादीकडे पाहिलें, एकदां सुनेकडे पाहिलें, आणि नातीच्या अंगावर आपली गोधडी सरकविली.

पोर घोरत नाहीं. पण झोंपेंत बडबडते, दांत खाते, लाथा झाडते. पहिले तीन दिवस दोन वाजतां स्वयंपाकघरांत दिवा लागलाच. चौथ्या रात्रीं लागला नाहीं. महिन्यानें डॉक्टरांस विचारून गोळी बंद केली. परवां लेंकीनें विचारलें, "आजी, माझ्या खोलीची ओल गेली का ग?" आई म्हणाली, "नाहीं ग बाई. ती लवकर जायची नाहीं."