तटाच्या आतलं रेवदंडा

नवी मुंबईतल्या आमच्या पावण्याहून निघालं की पनवेलपर्यंत कारखाने सोबत करतात. पुढे पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबाग येतं आणि बहुतेक गाड्या तिथेच थांबतात. आम्ही तसेच पुढे, नागाव-चौलच्या नारळी-पोफळीतून रेवदंड्याला गेलो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्याने कल्याणच्या दक्षिणेला 'सेमिल्ला' नावाचं बंदर नोंदवलं. ते हेच चौल. दुसऱ्या शतकात टॉलेमीलाही ते ठाऊक होतं. पुढे अरब आले. १४६९ च्या सुमाराला अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन इथे उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं अवकाश होता. निकितीनचं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. ग्रीकांची आठवण मात्र कुठेच ठेवलेली नाही.

चौल आणि रेवदंडा ही दोन शेजारी गावं. चौल निजामशाहीचं, तर रेवदंडा पोर्तुगीजांचं. १५०८ साली चौलसमोरच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा त्यात मारला गेला. तरीही पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ पासून त्यांनी कुंडलिका नदीच्या मुखाशी कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, तोही त्यांनी परतवला.

आजचा डांबरी रस्ता सरळ त्या कोटात शिरतो. आत तिकीटघर नाही, गाईड नाही. आहेत त्या वाड्या, विहिरी आणि माणसांची घरं. कुणाच्या पोफळीच्या मागे चर्चची भिंत उभी, तर कुणाच्या कुंपणाला चार शतकांपूर्वीचा चिरा. एका वाडीतल्या काकूंना आत जाऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "जावा की, पन वर बघत जावा, नारळ पडतात." इतिहास पाहायला गेलेल्या माणसाला याहून उपयोगी सूचना मिळणार नाही.

फ्रान्सिस्कन मठाच्या मनोऱ्याला गावकरी सातखणी म्हणतात. छप्पर केव्हाच गेलं. पायथ्याशी तोफा गवतात पडल्यात. तिथून तट धरून समुद्राकडे गेलं की खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीजातून घडलेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते. साहेब गेले, भाषा राहिली. सगळ्या प्रवासात मला हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते.

वसई पडल्यावर, १७४० च्या तहाने, रेवदंडा मराठ्यांकडे आलं. पण बंदराचे दिवस त्याआधीच फिरले होते. सतराव्या शतकातच इंग्रजांनी चौलचे विणकर मुंबईत नेऊन वसवले होते. म्हणजे पोटासाठी मुंबईची वाट धरणं इथल्या लोकांनी आमच्या पावण्यात कारखाने येण्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं!

जाल तर अलिबागच्या किनाऱ्यावरून परतू नका. रेवदंड्याला सकाळचा वेळ द्या आणि परतताना चौलचं रामेश्वर मंदिर बघा. तटावर चढण्याआधी वाडीवाल्यांना विचारा. तो तट सरकारी कागदावर काहीही असो, अंगण त्यांचं आहे.