बोंडूचा रस

आपल्या लोहाऱ्याकडं काजू म्हटलं की शिऱ्यातला तुकडा तेवढा ठाऊक. गेल्या एप्रिलात आम्ही चौघं मित्र जीप काढून सोलापूर, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरलो, तेव्हा काजूचं झाड पाहिलं. लाल-पिवळं रसरशीत बोंडू, अन् त्याच्या बुडाला लोंबणारी बी. सावंतवाडीच्या बाजूला बी काढून घेतलेली बोंडं झाडाखाली सडत होती. टोमॅटो रस्त्यावर ओतलेले आपण पाहिलेत; जीव तुटतोच.

पुढं गोव्यात, सत्तरीकडं, तीच बोंडं वेचून कोळंबीत तुडवतात, रस आंबवून भट्टीवर गाळतात. पहिल्यांदा गाळली की हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आमच्यातला एकजण मात्र भट्टीपासून लांबच उभा. त्याच्या थोरल्या भावाची सहा एकर दारूपायी गेली. त्याला वासही नको. घरच्या बाईनं ते ओळखलं अन् न आंबवलेला ताजा रस, ‘नीरो’, पेलाभर पुढं केला. गडी प्याला, दुसरा मागितला.

“मावशी, घरी न्यायला टिकंल का?”

“सांजपर्यंत. मग आंबतोच तो.”

म्हणून बाटली आणली नाही. एप्रिलात तिकडं गेलात तर तिथंच प्या.