दोन गुण आणि दोन गाड्या

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गाला तुलनात्मक निबंध दिला होता. बहुतेकांनी शहर आणि खेडे, पुस्तक आणि मोबाइल असे नेहमीचे विषय घेतले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र दोन जुन्या जपानी गाड्या निवडल्या: डॅटसन २४० झेड आणि टोयोटा लँड क्रूझर एफजे ४०. त्याने कौल डॅटसनला दिला.

मला ते खटकले. माझे अब्बा उमेदीच्या वयात ओमानमध्ये सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या हातात हीच लँड क्रूझर होती. सुट्टीवर घरी आले की तिचेच किस्से सांगत. चाक वाळूत रुतले की टायरमधली हवा कमी करायची, मग टायर पसरतो आणि गाडी वर येते. १९६० ते १९८४ अशी चोवीस वर्षे हे मॉडेल निघत राहिले. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे पाटे, गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ताकद. आराम नावालाही नाही. पण तिच्या स्टिअरिंगवर आमचे घर चालले, माझे बी.एड. झाले.

डॅटसन १९६९ सालची. लांब बॉनेट, सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना, जागा दोघांपुरती. मुलाने लिहिले होते, 'ही गाडी खराब रस्त्यावरही जिंकली आहे.' मी त्याखाली लाल रेघ ओढली, 'चूक' असे लिहिले आणि दोन गुण कापले.

वह्या वाटल्यावर तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन एवढेच म्हणाला, "सर, एकदा सफारी रॅली बघा ना."

घरी येऊन बघितले. पूर्व आफ्रिकेतली ती रॅली म्हणजे हजारो किलोमीटर चिखल, धूळ आणि दगड. १९७१ साली ती २४० झेडने जिंकली. १९७३ साली पुन्हा तिनेच, आणि तेव्हा चालक होता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता.

तुलनेला उर्दूत मुवाजना म्हणतात. हा शब्द वजनाच्याच घराण्यातला. तोलण्याआधी दोन्ही पारडी रिकामी हवीत, हे मीच वर्गात सांगतो. माझ्या एका पारड्यात मात्र अब्बांची परदेशातली सगळी वर्षे आधीच बसली होती.

रात्री अब्बांना हा प्रकार सांगितला. वाटले, ते माझी बाजू घेतील. ते हसले. "पोरगा बरोबर बोलतोय. लँड क्रूझर इमानदार गाडी, पण संध्याकाळपर्यंत कंबर मोडायची. मला कुणी विचारलं असतं, तर मी ती दुसरीच मागितली असती."

त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आम्हीही नाही. जी गाडी त्यांच्या वाट्याला आली, ती त्यांच्या आवडीची होती असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या मुलाची वही मागून घेतली, 'चूक' हा शब्द खोडला आणि दोन गुण परत दिले. चूक कुणाची होती, तेही सांगितले. त्याच्या निष्कर्षाशी मी अजून सहमत नाही. पण गुण निष्कर्षाचे नसतात, पुराव्याचे असतात. आणि पुरावा त्याच्याकडे होता.