राजगड ते तोरणा, धारेवरून

रविवार, मुक्काम वेल्हे

अंधारातच पद्मावती माची सोडली. उजाडलं तेव्हा भाचा आणि मी संजीवनी माचीच्या चिलखती बुरुजांपाशी होतो. दुहेरी तटबंदी, बाहेरची भिंत शत्रूने पाडली तरी आतली लढायला उभीच. अळू दरवाजातून बाहेर पडलो. समोर पश्चिमेला तोरणा, आणि तिथवर गेलेली डोंगराची सलग सोंड.

पहिलाच उतार घसाऱ्याचा. कारवीची खोडं धरत, पाय आडवे टाकत उतरलो. पुढे वाट धारेवर येते. डावीकडे दूर भाटघरचं पाणी, उजवीकडे कानंदीचं खोरं. झाडोरा, गवत, खिंडीतली डांबरी सडक, पुन्हा चढ. हा टप्पा भरभर संपला.

खरा कस लागला तो तोरण्याच्या बुधला माचीवर चढताना. कातळ तापलेला, वर सुकलेलं निसरडं गवत. भाचा पुढे होता. वरून म्हणाला, "मामा, डावा पाय त्या खोबणीत. घाई करू नकोस." काल-परवापर्यंत माझं बोट धरून डोंगर चढणारा हा पोरगा! दोन हात, दोन पाय. त्यातले तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. एकदा त्याच्या बुटाखालचा धोंडा सुटला. "दगड!" तो ओरडला, मी कातळाला चिकटलो. धोंडा बाजूने घरंगळत गेला; खाली आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. मग आम्ही एकामागे एक चढायचं सोडून, एकाने सुरक्षित जागी थांबायचं आणि मगच दुसऱ्याने निघायचं, असं ठरवलं.

वर पोहोचल्यावर मागे राजगड दिसला. १७०४ साली औरंगजेबाने पायाखालचा हा तोरणा लढून घेतला. बाकीचे बहुतेक गड त्याला वाटाघाटींनी, पैसे मोजून मिळाले होते. तोरण्याची उंची १४०३ मीटर आहे, पण त्याची खरी ताकद या धारेवर हातापायांनी चढल्याशिवाय उमगत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. गाडीरस्त्याने दोन्ही गड वेगवेगळे पाहणाऱ्यांना हे जोडगड का, ते कळायचं नाही.

मेंगाई देवीला हात जोडून बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरलो.

या वाटेने जाणाऱ्यांनी माणशी चार लिटर पाणी न्यावं, ऊन तापायच्या आत बुधल्याखाली पोहोचावं. पावसाळ्यात मात्र ही धार धरू नये.