एका क्रियाविशेषणाचे नवल

इंग्रजी शब्दांच्या वहीत ‘क्युरिअसली’ या शब्दापुढे आपण दोन अर्थ लिहितो : ‘कुतूहलाने’ आणि ‘विचित्रपणे’. परीक्षेपुरते एवढे पुरे होते. पण मनाचे समाधान होत नाही. कुतूहल असते ते पाहणाऱ्याच्या मनात आणि विचित्रपणा चिकटतो तो पाहिल्या जाणाऱ्या वस्तूला. मग ही दोन टोके एकाच शब्दाच्या गाठोड्यात कशी आली?

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘क्युरा’ म्हणजे काळजी, आस्था. ‘क्युअर’, म्हणजे रोग बरा करणे, हा शब्दही त्याच घराण्यातला. म्हणून ‘क्युरिअसली’चा जुना अर्थ ‘काळजीपूर्वक, कौशल्याने’ असा होता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलातील एका स्तोत्रात तो याच अर्थाने आला आहे. आता गाठ उकलते. आस्थेने पाहणारा माणूस प्रश्न विचारतो, हे झाले कुतूहल. आणि आस्थेने घडविलेली वस्तू चारचौघींहून निराळी दिसते. तिलाच लोक पुढे विचित्र म्हणू लागतात!

वाक्यातली जागा बदलली की हा शब्द आपला अर्थही बदलतो. पाहणे, विचारणे अशा क्रियापदाजवळ बसला, तर ‘कुतूहलाने’. विशेषणाच्या आधी आला, तर ‘विलक्षण’ : ‘क्युरिअसली क्वाएट’ म्हणजे चमत्कारिक शांत. आणि वाक्याच्या आरंभी स्वल्पविराम घेऊन ऐटीत उभा राहिला, की तो क्रियापदाचा राहत नाही, लिहिणाऱ्याचा होतो. मराठीत तेथे आपण ‘गंमत म्हणजे’ किंवा ‘नवल म्हणजे’ असे म्हणतो.

हे ‘नवल’ मला फार जवळचे वाटते. ‘तो नवलाने पाहू लागला’ यातले नवल डोळ्यांत आहे. ‘नवलाची गोष्ट’ यातले नवल गोष्टीत आहे. म्हणजे इंग्रजीची ही किमया आपल्याही घरात आहेच. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्या तोंडी ‘अजब’ही सहज येते. पण ‘अजब’ वस्तूला लागते, ‘नवल’ मात्र माणसालाही वाटते.

आमच्या वालूरच्या बारवेलाही हे सारे अर्थ लागू पडतात. सेलू तालुक्यातल्या या गावची बारव चक्राकार आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातील काही बारवांची चित्रपोस्टकार्डे काढली, त्यांत तिलाही मान मिळाला. आता दूरदूरची माणसे ती पाहायला येतात. ती पाहतात कुतूहलाने. बारव दिसते विलक्षण. आणि जुन्या अर्थाने पाहिले तर ज्यांनी ती बांधली त्यांनीही ती ‘क्युरिअसली’च बांधली, म्हणजे जीव ओतून.

परंतु पाहुणे बारव पाहतात तेव्हा गावही पाहुण्यांना पाहत असते. समजा, त्यांच्यापैकी कोणी इंग्रजीत लिहिले : ‘द व्हिलेजर्स लुक्ड ॲट अस क्युरिअसली.’ भाषांतरकाराने ‘विचित्रपणे’ लिहिले, तर आम्ही अडाणी, बुजलेले ठरतो. ‘कुतूहलाने’ लिहिले, तर आम्ही जिज्ञासू माणसे ठरतो. एका क्रियाविशेषणावर अख्ख्या गावाची अब्रू तोलली जाते! क्रियापद येथे पाहण्याचे आहे, म्हणून व्याकरण आमच्या बाजूचे आहे. पण घाईत शब्दकोश उघडणाऱ्याचे बोट कोणत्या अर्थावर थांबेल, ते कोणी सांगावे?

माझी माय शाळेत गेलेली नाही. ज्वारी निवडता निवडता तिने विचारले, “येवढ्याशा शब्दात काय इतकं बघायलीस गं?” मी तिला दोन्ही अर्थ सांगितले. ती म्हणाली, “मंग इचारणारं माणूस येडं कसं असंल?”

शब्दकोशात न सापडणारे हे उत्तर आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पहिले पुस्तक आपल्याबरोबरच आले. वर्गात प्रश्न विचारायला उठलो, की चार माना आपल्याकडे वळतात. मित्रमैत्रिणींनो, त्या नजरांचा अर्थ काहीही असो. आपण मात्र उठावे आणि प्रश्न विचारावा. या शब्दाच्या मुळाशी आस्था आहे, आणि ज्याला आस्था आहे त्याने लाजायचे कशाला?