थोरांचा उशीर

हयात महाविद्यालयात घालविलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दिरंगाईला हसू नये. अभ्यासक्रमातले एक जुने पुस्तक जाऊन नवे येईपर्यंत विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या बाहेर पडतात, हे मी पाहत आलो आहे. तरीही ॲपल कंपनीचा संथपणा पाहिला की माझ्यातला अधीर माणूस जागा होतो. स्नेह्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की तिचे भक्त तत्काळ म्हणतात, "उशीर होतो खरा, पण जे येते ते परिपूर्ण असते." युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण सगळेच उशीर एका जातीचे असतात काय?

मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवण्याची युक्ती लॅरी टेस्लर व त्यांचे सहकारी यांनी झेरॉक्सच्या संशोधनशाळेत १९७० नंतरच्या दशकात बसविली. हे टेस्लर पुढे अनेक वर्षे ॲपलमध्येच होते, आणि १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकात ती सोय होतीही. असे असता २००७ साली निघालेल्या आयफोनात ती नव्हती. ती २००९ च्या जूनमध्ये आली. घरचीच विद्या घरच्या लेकराला मिळायला दोन वर्षे लागली! परंतु आली तेव्हा बोटाच्या टोकाने नेमके शब्द कसे निवडता येतील, याचा बारकाईने विचार झालेला दिसला. हा उशीर मी क्षम्य मानतो. लोणचे मुरायला वेळ लागतोच.

दुसरी तऱ्हा गणकयंत्राची. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी असणारी ही साधी वस्तू २०१० साली आलेल्या आयपॅडवर कंपनीने २०२४ पर्यंत दिली नाही. लोकांनी परक्यांची गणकयंत्रे घेऊन वेळ भागविली. काही असाधारण साधेल तेव्हाच करू, असा खुलासा तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०२० साली केला होता. अखेर आले ते असाधारण होते हे खरे: हाताने गणित मांडून बरोबरीचे चिन्ह काढले की उत्तर आपल्याच अक्षराच्या वळणाने उमटते. पण पुरणपोळी साधेपर्यंत पाहुण्याने शेजाऱ्याकडून भाकरी आणून खावी, हा कुठला पाहुणचार?

तिसरी तऱ्हा मात्र मला सोसवत नाही. यूएसबी-सी ही चार्जिंगची सामाईक पद्धत कंपनीने आपल्या मॅकबुकात २०१५ सालीच घेतली. आयफोनची २०१२ पासूनची निराळी लाइटनिंग तार मात्र तिला २०२३ पर्यंत सोडवेना. जुन्या तारा कचऱ्यात जातील, असे तिचे म्हणणे होते. मग २०२२ मध्ये युरोपीय संघाने एकाच प्रकारच्या चार्जरचा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी मुहूर्त लागला! येथे मुरायचे काय राहिले होते? स्वतःच्या घरात आठ वर्षे वापरलेली वस्तू कच्ची कशी?

बाहेरून पाहणाऱ्याला हे तिन्ही उशीर सारखेच दिसतात, आणि भक्तांची भाबडी श्रद्धा तिन्हींना एकच नाव देते. विचार करण्यासाठी वेळ मागण्याचा हक्क कारागिराला आहे. पण ज्याची छायाचित्रे, पत्रे आणि सवयी एकाच दाराआड साठलेल्या आहेत, त्याचे थांबणे म्हणजे पसंती नव्हे. घर बदलणे जड जाते म्हणून तो थांबतो. तेव्हा उशिरा आलेली सोय हाती पडली की कौतुकाआधी एवढे विचारावे: ही कारागिराच्या समाधानाने आली, की कायद्याच्या धाकाने?